पूर सगळ्यांना, बैठक काहींनाच

सांगलीत पुराचा विषय निघाला की बोलणं पाच मिनिटांत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर जातं. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर झाली तर फुगवटा कुठवर येणार, कोयनेतून विसर्ग वेळेत वाढवला होता का, नदीकाठची अतिक्रमणं कोणाच्या आशीर्वादाने झाली. हे वाद रास्त आहेत आणि व्हायलाच हवेत. पण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर बघितलेल्या या जिल्ह्यात एक प्रश्न सभांमधून फारसा ऐकू येत नाही. ज्याला भोंगा ऐकू येत नाही, जिला स्वतःच्या पायांनी जिना उतरता येत नाही, ज्याला आपल्याला घराबाहेर का नेतायत हेच समजत नाही, त्यांच्या सुटकेचं ठरवतं कोण? आणि ते ठरत असताना ती माणसं तिथे असतात का?

बहुतेक वेळा नसतात. जिल्ह्याच्या बैठकीत नसतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेतही हक्काने नसतात. या दोन गैरहजेऱ्या एकमेकींपासून लांबच्या वाटतात, पण मूळ एकच आहे. दोन्हीकडे दिव्यांगांचा उल्लेख होतो, निर्णयात जागा मिळत नाही. आमचं म्हणणं असं, की ही जागा जिल्ह्यात आणि जगात एकाच वेळी मागायला हवी. वर जागा नसेल तर खाली पैसा पोचत नाही, आणि खाली जागा नसेल तर वर जाऊन बोलायला हाताशी काही राहत नाही.

आधी वरचं बघू. हवामान बदलाचा मूळ करार १९९२ चा. त्याच्या परिषदेत निर्णय देशांची सरकारं घेतात, पण सरकारबाहेरच्यांना नऊ मान्यताप्राप्त गटांमधून आपलं म्हणणं मांडता येतं: उद्योग, पर्यावरण संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, आदिवासी, संशोधन संस्था, कामगार संघटना, शेतकरी, स्त्रिया आणि युवक. या नऊंमध्ये दिव्यांग नाहीत. त्यांचा अनौपचारिक गट परिषदेला येतो, निवेदनं देतो, पण जे मान्य गटाला आपोआप मिळतं ते त्याला दर वेळी मागून घ्यावं लागतं. मान्यतेने काय फरक पडतो? सचिवालयाशी बोलणारा अधिकृत प्रतिनिधी मिळतो, सभेत बोलायला ठरलेली वेळ मिळते, मोजक्या लोकांच्या कार्यशाळांना बोलावणं येतं. स्त्रियांच्या गटाला ही मान्यता २०११ मध्ये मिळाली. पुढे २०१४ मध्ये स्त्री-पुरुष समानतेचा लिमा कार्यक्रम आला, २०१७ मध्ये कृती आराखडा आला. एका मान्यतेने एवढं सगळं घडलं असं नाही, पण रोज त्या दालनात बसणारं कोणी नसतं तर हे घडायला आणखी किती वर्षं लागली असती, याचा अंदाज कोणालाही यावा.

उल्लेखाला तोटा नाही. २०१० च्या कॅनकूनच्या हवामान परिषदेच्या ठरावांत दिव्यांग आहेत. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही आहेत. प्रस्तावनेत, म्हणजे जिथलं लिहिलेलं पाळलं नाही म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही तिथे. २०२२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासगटाने आंतरराष्ट्रीय दिव्यांग आघाडीबरोबर देशोदेशींची हवामानविषयक वचनपत्रं तपासली, तेव्हा करारातल्या १९२ सदस्यांपैकी ३५ जणांच्याच वचनपत्रात दिव्यांगांचं नाव सापडलं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत इस्रायलच्या ऊर्जामंत्री कारीन एल्हारार यांना व्हीलचेअरवरून सभास्थानी जाता आलं नाही आणि त्या दिवशी त्यांना परत फिरावं लागलं. ही बातमी जगभर गाजली, कारण त्या मंत्री होत्या. मंत्री नसलेल्यांची बातमी होत नाही.

आता कोणी म्हणेल, ब्राझील किंवा दुबईत कोण कोणत्या खुर्चीवर बसतं याचं सांगलीला काय? बरंच काही. हवामानाचा पैसा वरून खाली येताना अर्जाच्या नमुन्यातून येतो. नुकसानभरपाईचा जागतिक निधी २०२२ मध्ये मान्य झाला आणि २०२३ मध्ये दुबईत उभा राहिला. हरित हवामान निधीचे भारतातले प्रकल्प ज्या संस्थांमार्फत जातात त्यांत नाबार्ड आहे. ‘सर्वांसाठी पूर्वसूचना’ हा संयुक्त राष्ट्रांचा २०२७ पर्यंतचा कार्यक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला. कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेची मदत घेण्याचं काम चालू आहे. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ठरवतं, की प्रकल्पाचं यश कशाने मोजायचं. किती किलोमीटर भिंत, किती पूरमापक यंत्रं, किती लोकांना संदेश गेला. त्या यादीत ‘ज्यांना संदेश गेला त्यांतल्या किती कर्णबधिरांना तो समजला’ हा रकाना नसेल, तर खालचा अधिकारी तो भरणार नाही आणि त्यासाठी एक रुपयाही मागणार नाही. रकाने ठरतात तेव्हा तिथे असावं लागतं. नंतर निवेदन देऊन रकाना वाढत नाही.

भारत सरकारपुढे ही मागणी उपकार म्हणून ठेवायचं कारण नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा जागतिक करार भारताने १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. त्याच्या कलम ४ मध्ये दिव्यांगांशी संबंधित निर्णय त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करून घेण्याचं बंधन आहे आणि कलम ११ मध्ये आपत्तीतल्या संरक्षणाचं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ तर याहून नेमकं आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवायची आणि धोका आला की त्यांना कळेल अशी व्यवस्था करायची. आपत्तीनंतरची पुनर्बांधणी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांशी विचारविनिमय करून, सगळ्यांना वापरता येईल अशीच करायची. कायद्यात ‘शक्य असल्यास’ असं लिहिलेलं नाही.

मात्र ज्या प्राधिकरणावर हे काम टाकलंय त्याची रचना २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची. त्याच्या कलम २५ प्रमाणे अध्यक्ष आणि आणखी जास्तीत जास्त सात सदस्य: जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे वैद्यकीय प्रमुख असे. दिव्यांग प्रतिनिधीला त्यात जागा नाही. म्हणजे जागतिक परिषदेतला दोष जिल्ह्यातही तसाच आहे. फरक इतकाच, की जिल्ह्यातला दोष उद्या सकाळी दुरुस्त करता येतो. त्याच कायद्याचं कलम २८ जिल्हा प्राधिकरणाला सल्लागार समित्या नेमायचा अधिकार देतं. त्यासाठी कायदा बदलायला नको, मुंबईची मंजुरी नको. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाचं काम आहे.

अशी समिती बसली तर ती काय सांगेल? पहिल्याच बैठकीत ती पूर्वसूचना उलटीपालटी करेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे धडधाकट माणसाच्या चालण्याच्या वेगाला धरून आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या सखल भागांत पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरू लागतं. तिथल्या अर्धांगवायू झालेल्या माणसाला हलवायला दोन-तीन माणसं, गाडी, गादी आणि औषधांची पिशवी लागते. कोरड्या रस्त्यावर हे काम अर्ध्या तासाचं असतं. गुडघाभर पाण्यात त्यालाच दोन तास लागतात, आणि छातीभर पाण्यात बोटीशिवाय ते होतच नाही. म्हणून दिव्यांगांच्या स्थलांतराची पातळी वेगळी हवी. इशारा पातळीच्या आठ-दहा फूट आधीची, आणि पाणी रात्री वाढणार असेल तर दिवस मावळायच्या आत. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटून माणसं गेली. उशीर झाला की मिळेल त्या बोटीत माणसं कोंबली जातात, आणि कोंबलेल्या बोटीत ज्याला धरून बसवावं लागतं त्याला जागा कोण देणार?

कर्णबधिरांना भोंग्याचा उपयोग नाही, हे सगळ्यांना कळतं. मोबाइलवर येणारा आपत्ती-इशारा थरथरतो, म्हणजे काम झालं असं मात्र समजलं जातं. तो संदेश ‘सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ अशा भाषेत असतो. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, ज्याला शाळेत मराठी नीट वाचायला मिळालीच नाही, त्याला या वाक्यातून काय करायचं ते कळत नाही. त्याला अर्ध्या मिनिटाचा भारतीय सांकेतिक भाषेतला व्हिडिओ हवा: पाणी येतंय, कपडे आणि कागद घ्या, अमुक शाळेत जा. असे पाच-सहा व्हिडिओ उन्हाळ्यातच करून ठेवता येतात आणि वेळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर सोडता येतात. अंधांची अडचण याच्या उलट आहे. नगरपालिका, तहसील, ग्रामपंचायत सगळीकडून सूचना येते ती सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून. बोलणाऱ्या मोबाइलला फोटोतली अक्षरं बहुतेक वेळा वाचता येत नाहीत. तोच मजकूर खाली टाइप करून टाकला तर प्रश्न मिटतो, खर्च शून्य. आणि ज्यांना बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता आहे, त्यांना रात्री अनोळखी माणसांनी उचलायचा प्रयत्न केला तर ती घाबरतात, अंगावर धावतात, पळून जातात. त्यांच्यासाठी एकच उपाय चालतो: मे महिन्यात निवारा केंद्र एकदा नेऊन दाखवायचं आणि पिशवीत रोजच्या ओळखीची एक वस्तू ठेवायची.

बचाव पथकांच्या प्रशिक्षणात जायला हव्यात अशा गोष्टी तर कितीतरी आहेत. व्हीलचेअर हाताच्या आधाराला किंवा पायटीला धरून उचलू नये, ते भाग निसटतात, सांगाड्याला धरावं. कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, काढून ठेवायला सांगितलं तर ते त्याच बोटीत न्यावं, नाहीतर पुढचे तीन महिने तो माणूस अंथरुणावर. अंध व्यक्तीला ओढू नये, आपला कोपर धरू द्यावा. कर्णबधिराशी अंधारात बोलताना बॅटरीचा उजेड आपल्या तोंडावर आणि हातांवर ठेवावा. त्याच्या डोळ्यांवर मारला तर त्याला काहीच दिसत नाही. यातलं एकही वाक्य पुस्तकी नाही, आणि ज्याने ते भोगलंय त्याच्याशिवाय ते कोणाला सुचतही नाही. आपदा मित्र म्हणवल्या जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात यासाठी अर्धा दिवस काढता येईल, पण शिकवायला दिव्यांगच हवेत.

निवारा केंद्र म्हणजे शाळा किंवा मंगल कार्यालय. तिथे रॅम्प आहे असं कागदावर असतं. रॅम्पचा उतार एकास बारा असावा असा नियम आहे. व्हरांडा जमिनीपासून दीड फूट उंच असेल तर रॅम्पची लांबी अठरा फूट हवी. बहुतेक ठिकाणी तो सहा-सात फुटांत आटोपलेला दिसतो आणि पावसात त्यावरून चालणाराही घसरतो. स्वच्छतागृह मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये चिखल, आत भारतीय पद्धतीचं भांडं, दार आतल्या बाजूला उघडणारं आणि व्हीलचेअर जाणार नाही इतकं अरुंद. मग दिव्यांग बाई काय करते? पाणी पिणं बंद करते. दोन दिवसांत मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. मणक्याला इजा झालेला माणूस सतरंजीवर एका कुशीवर पडून राहिला तर काही तासांतच त्वचेला इजा सुरू होते आणि ती जखम भरायला महिने लागतात. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि हवेची गादी लागते, ती विजेवर चालते, आणि पुरात पहिली जाते ती वीज. त्यामुळे तालुक्यातली एक-दोन केंद्रं तरी ठरवून, जनरेटर आणि नीट स्वच्छतागृहासकट तयार ठेवावीत, आणि जिथे ही सोय आहे तिथेच अशा कुटुंबांना न्यावं. प्रत्येक शाळा एका वर्षात सुधारणार नाही, हे मान्य करून चालावं.

पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे मदतीचे निकष वाचून बघावेत. आपत्तीत हात-पाय किंवा डोळा जाऊन ४० ते ६० टक्के अपंगत्व आलं तर ७४ हजार रुपये, ६० टक्क्यांहून जास्त असेल तर अडीच लाख. दुभत्या गाई-म्हशीला साडेसदतीस हजार, शेळी-मेंढीला चार हजार. मच्छीमाराची होडी आहे, जाळं आहे, कारागिराची हत्यारं आहेत. आधीपासून दिव्यांग असलेल्याची तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र वाहून गेलं तर त्यासाठी स्वतंत्र शीर्षक नाही. आपत्तीत माणूस अपंग होऊ शकतो हे निकष लिहिणाऱ्यांना सुचलं. अपंग माणूस आपत्तीत सापडू शकतो हे सुचलं नाही. त्या टेबलावर एक तीनचाकीवाला असता तर ही ओळ राहून गेली नसती.

हे मागासलेपणाचं लक्षण समजून कोणी खजील व्हायचं कारण नाही. २०२१ च्या जुलैमध्ये, आपल्याकडे पूर यायच्या आठवडाभर आधी, जर्मनीतल्या सिंझिग गावात दिव्यांगांच्या निवासी घरात तळमजल्यावरच्या बारा जणांचा पुरात मृत्यू झाला. तिथे पैसा होता, यंत्रणा होती. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीत दिव्यांगांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट निघाला. त्यातून जपानने २०१३ मध्ये कायदा बदलून मदतीची गरज असलेल्यांची यादी ठेवणं गावांना बंधनकारक केलं आणि २०२१ मध्ये त्या यादीतल्या प्रत्येकासाठी वेगळी सुटका-योजना करण्याचं काम गावांवर सोपवलं. नुसत्या यादीने भागत नाही, हे समजायला त्यांनाही काही वर्षं लागली. बांगलादेशात व्हीलचेअरसकट चढता येईल अशा बचावबोटी बनल्या, आणि त्यामागे दिव्यांगांच्या गावपातळीवरच्या गटांचं काम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती विभागाने २०२३ मध्ये जगभरातल्या दिव्यांगांना विचारलं तेव्हा ८४ टक्के लोकांकडे आपत्तीसाठी स्वतःची कसलीही योजना नव्हती. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ७१ टक्के होता. उल्लेख वाढत गेले, तयारी घटत गेली.

साताऱ्याचा प्रश्न सांगलीपेक्षा वेगळा आहे आणि काही बाबतीत अवघड. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. नदी फुटाफुटाने चढते, दरड क्षणात येते. तिथे बोट, भोंगा, फूटपट्टी काही कामाचं नाही. जोरदार पावसाचा अंदाज आला की आधीच्या दिवशी उतरवणं हाच मार्ग. पायवाटेच्या वस्तीवरून चालू न शकणाऱ्या माणसाला डोलीत घालून आणायला चार माणसं लागतात, आणि गावातले तरणे पुण्या-मुंबईला. पुनर्वसनाची घरं बांधताना कायद्याप्रमाणे दिव्यांग आयुक्तांचा विचार घ्यायचा असतो. उंबऱ्याची उंची, दाराची रुंदी, नळ किती उंचीवर, या गोष्टी नकाशात असतानाच ठरल्या तर जवळजवळ फुकट होतात. नंतर फोडाफोड करावी लागते.

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत पुराऐवजी टँकर. टँकर आला की नळी पकडायला धावावं लागतं, आणि कॅलिपर घातलेली मुलगी धावू शकत नाही. ज्यांना लघवीसाठी नळी वापरावी लागते त्यांना स्वच्छ पाणी औषधासारखं लागतं. उष्णतेचं तर आणखी कमी बोललं जातं. मणक्याला वरच्या बाजूला इजा झालेल्यांना इजेच्या खाली घामच येत नाही. मानसिक आजारावरच्या काही गोळ्या घाम रोखतात, तहान मंदावतात. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषधाची विषबाधा होऊ शकते. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उष्णतेने ६१९ माणसं गेली आणि त्यानंतरच्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार ठळक धोका म्हणून पुढे आला. आपल्याकडच्या उष्माघाताच्या सूचनापत्रकात म्हातारे, लहान मुलं, गरोदर स्त्रिया असतात. या गोळ्या घेणाऱ्यांनी काय करावं, याची एक ओळ घालायला काय हरकत आहे?

आणखी एक बाजू सहसा सुटते. हवामानाचे निर्णय म्हणजे फक्त पूर-दुष्काळ नव्हेत, प्रदूषण कमी करण्याचे निर्णयही त्यात येतात. ई-बस विकत घेणं हा तसा निर्णय. बसचा तळ जमिनीपासून ४०० मिलीमीटरवर असेल तर रॅम्प टाकून व्हीलचेअर आत जाते; ९०० वर असेल तर पुढची दहा-बारा वर्षं, म्हणजे त्या बसच्या आयुष्यभर, जात नाही. आवाज न करणारी गाडी अंध पादचाऱ्याला कळत नाही. पेय प्यायच्या प्लास्टिकच्या नळीवर (स्ट्रॉवर) बंदी घालताना जो नळीशिवाय पाणी पिऊ शकत नाही त्याचा विचार आधी केला असता तर अपवाद लगेच सुचला असता. दिव्यांगांचा पर्यावरणाला विरोध आहे, असं यातून कोणी काढू नये. त्यांना विचारलं नाही म्हणून चुका होतात.

यावर एक आक्षेप नेहमीचा: संकटात आधी जास्तीत जास्त लोकांना वाचवायचं, मोजक्यांसाठी वेगळी व्यवस्था कुठे करत बसणार? मोजके किती, ते बघू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग. ती मोजणी आठ प्रकारांची होती. २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मानतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तर जगाच्या लोकसंख्येच्या १६ टक्क्यांचा आहे. आणि घरातला एक माणूस हलत नसेल तर त्याला सोडून बाकीचं घर हलत नाही. अख्खं कुटुंब शेवटच्या बोटीपर्यंत थांबतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो दिव्यांग चळवळीनेच स्वतःला विचारायला हवा: प्रतिनिधी कोण? व्हीलचेअरवरचा माणूस कर्णबधिरांच्या वतीने बोलू शकत नाही. बहुविकलांग मुलाच्या वतीने आई बोलते, आणि ते योग्यही असतं, पण बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ माणूस स्वतः बोलू शकत असेल तर आईने मध्ये येऊ नये. जागतिक परिषदेत जातात ते बहुधा राजधानीतले, इंग्रजी येणारे. जिल्ह्यात नेमले जातात ते बहुधा कुठल्या तरी पक्षाच्या दिव्यांग आघाडीचे पदाधिकारी. दोन्हीकडे स्त्रिया कमी. म्हणून समितीत चालण्याची, पाहण्याची, ऐकण्याची आणि समजण्याची अडचण असलेले निदान एकेक सदस्य हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि प्रत्येकजण पूरपट्ट्यातला, दरडीच्या गावातला किंवा टँकरच्या गावातला असावा. बैठकीला दुभाष्या, तळमजल्यावरची खोली, मदतनिसासह प्रवासखर्च आणि विषयपत्रिका आठ दिवस आधी टाइप केलेल्या स्वरूपात. एवढं नसेल तर समिती फोटोपुरती होते.

तिचं पहिलं काम कायद्याने सांगितलेली नोंद. दिव्यांगांना सरकारकडून मिळणाऱ्या यूडीआयडी ओळखपत्राच्या यादीवरून ती तयार झाली असं कोणी म्हणेल, पण त्या यादीत नाव, प्रकार आणि टक्केवारी असते. टक्केवारीने सुटका ठरत नाही. ऐंशी टक्के दृष्टिदोष असलेला माणूस ओळखीच्या गल्लीतून एका हाकेवर बाहेर येतो, आणि पन्नास टक्के सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाला उचलायला दोन माणसं लागतात. नोंदीत हवं ते वेगळंच. कोणत्या मजल्यावर राहतो, उचलावं लागतं का, किती जणांनी, साधन कोणतं आणि ते घडी होतं का (साधी व्हीलचेअर पंधरा-वीस किलोची, विजेवरची कितीतरी जड), कोणतं औषध एक दिवसही चुकवून चालणार नाही, विजेवर चालणारं उपकरण आहे का, समजावून कसं सांगायचं, आणि जवळच्या दोन माणसांची नावं. एक पुरत नाही, कारण पुराच्या दिवशी तो एकजण कामावर असतो. ही माहिती आशा सेविकेला आणि अंगणवाडी सेविकेला आधीच बरीचशी ठाऊक असते. त्यांना त्याचा मोबदला द्यावा, आणखी एक फुकटचं काम म्हणून लादू नये. यादी चावडीच्या भिंतीवर लावायची नाही. एकट्या राहणाऱ्या दिव्यांग बाईचा पत्ता सगळ्या गावाला वाचायला देणं धोक्याचं आहे. संमती घ्यायची, प्रत पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशा यांच्याकडे बंद ठेवायची, आणि वर्षातून दोनदा ताजी करायची.

पैशाचं विचारलं की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातल्या पाच टक्के दिव्यांग निधीकडे बोट दाखवलं जातं. तो निधी बऱ्याच गावांत माणशी थोडी रक्कम वाटून संपतो, आणि ते पैसे गरिबाच्या घरात जातात. त्यावर डोळा ठेवू नये. हा खर्च आपत्ती व्यवस्थापनाचा आहे आणि त्याच शीर्षातून व्हावा.

नोंद झाली, एक रंगीत तालीम झाली, कुठे काय अडलं ते लिहून ठेवलं, की तो कागद वर पाठवायचा: राज्याच्या आपत्ती आराखड्यात, हवामान आराखड्यात, आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे. हवामान परिषदेला जाणाऱ्या भारताच्या शिष्टमंडळात एक दिव्यांग सदस्य असावा आणि तिथे दिव्यांगांचा दहावा मान्य गट व्हावा याला भारताने उघड पाठिंबा द्यावा, ही मागणी सांगली-साताऱ्याच्या खासदारांना संसदेत लेखी प्रश्न म्हणून विचारता येते. उत्तर काय येईल ते येवो, पण सरकारला ते लेखी द्यावं लागतं.

जिल्हा आराखड्याचा आढावा कायद्याप्रमाणे दरवर्षी घ्यावा लागतो, आणि मान्सूनपूर्व बैठका एप्रिल-मेमध्ये होतात. कलम २८ चा आदेश त्याआधी, फेब्रुवारीत निघाला तर समितीला नोंदीसाठी आठ-दहा आठवडे मिळतात. पूरपट्ट्यातल्या गावांपासून सुरुवात केली तर तेवढे पुरतात. मे महिन्यात निघाला तर पुरत नाहीत.